दुसरी बादली

आमच्या घरात माझ्याआधी कुणालाच सही करता येत नव्हती. आजोबांचा अंगठा, बाबांचा अंगठा, आईचाही अंगठा. चौलच्या अलीकडे खाडीला लागून भाताचा एक तुकडा होता. उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं की तो मिठाने मरायचा, आणि पुन्हा जिवंत व्हायला वर्षं घ्यायचा. भात निघालं की त्याच जमिनीत पांढरा कांदा. उरलेल्या दिवसांत बाबा बंगल्यांवर माळीकाम करायचे. तिथल्या हिरवळीवर पाइपाने पाणी सोडायचे, आणि इकडे आई विहिरीवर हंडा घेऊन ताटकळायची. घरात धड चप्पल एकच होती. ज्याला बाजारात जायचं असेल त्याने ती घालायची. कुणाला दया यावी म्हणून मी हे लिहीत नाही. दयेबद्दलच लिहायचं आहे, म्हणून आम्ही कुठे उभे होतो ते आधी सांगून ठेवते.

अलिबागच्या रस्त्याला कांद्याच्या माळा टांगल्या गेल्या आहेत. मी इथे एका कचेरीत नोकरी करते. येता-जाता बांबूच्या आडव्या काठ्यांवर लोंबणाऱ्या त्या पांढऱ्या वेण्या दिसतात, गाड्या थांबतात, काचा खाली होतात, भाव होतो. त्याच दिवसांत कॉलेजच्या फाटकावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं. कांदा आणि परीक्षा एकदम येतात आमच्याकडे. माझ्या नाकाला ती दोन्ही एकच वाटतात. अभ्यासाच्या पुस्तकांना कांद्याच्या पातीचा वास लागलेला असायचा, आणि बोटं कितीही धुतली तरी पान उलटताना डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटायचं, पोरगी फार मन लावून वाचते.

यंदा कचेरीच्या ग्रुपवर कुणीतरी टूम काढली आहे. रोज एक चांगुलपणाचं काम करायचं, अनोळखी माणसासाठी, आणि फोटो टाकायचा. कुणी ट्रॅफिकच्या पोलिसाला ताक दिलं, कुणी जेट्टीवर म्हातारीची पिशवी उचलली, कुणी कुत्र्याला बिस्किटं घातली. खाली फुलांची आणि हात जोडल्याची चित्रं. वाईट काहीच नाही त्यात. ताक प्यालेल्या पोलिसाला बरंच वाटलं असेल. पण मला ग्रुपवर लिहावंसं वाटलं की ताक दिलंत म्हणून उद्या तुम्हाला दुकानदार मीठ नाकारणार आहे का? तसं असेल तर टाका फोटो. लिहिलं नाही. बाजूच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही काहीच टाकत नाही हो, तुम्ही कधी कुणाचं भलं केलंच नाही का?" आणि हसल्या. मीही हसले. त्यांना काय सांगू? आमच्या घराने भलं करून बघितलं आहे.

आमच्या गावात गावकीचा शब्द चालायचा. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथे आई-बाबा अजून राहतात, आणि मला नाव घेऊन बोटं मोडायची नाहीत. गावकी म्हणजे पारावर बसणारे पंच. त्यांनी एखादं घर वाळीत टाकलं की त्या घराशी कुणी बोलायचं नाही, दुकानाने सामान द्यायचं नाही, रिक्षाने बसवून घ्यायचं नाही, लग्नाला आणि मरणाला जायचं नाही. जो जाईल तो त्याच खड्ड्यात. आमच्या वईच्या, म्हणजे काटक्यांच्या कुंपणाच्या, पलीकडचं कुसुमकाकूचं घर असं वाळीत होतं. बांधाच्या भांडणात ते गावकीला न विचारता पोलिसांत गेले, हा त्यांचा गुन्हा.

त्यातच काकूचा सासरा वारला. मुलगे तीन. तिरडीला चौथा खांदा नव्हता. बाबा दुपारी बंगल्यावरून येत होते, हातात झाडं छाटायचा कोयता. त्यांना दिसलं ते असं: पुढे दोन मुलगे, मागे एक, आणि मागच्या दुसऱ्या कोपऱ्याखाली कुसुमकाकू. बाई ठेंगणी. मढं तिच्या बाजूला कललेलं, आणि ती पदर दातांत धरून, मान वाकडी करून चाललेली. पारावरची माणसं तंबाखू मळत बघत होती. बाबांनी कोयता तिच्या हातात दिला आणि तिच्या जागी खांदा लावला. बस. एवढंच झालं. घरी आले, आंघोळ केली, जेवायला बसले. म्हणाले, "जड न्हवता म्हातारा."

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

"तिरडीला हात कसा लावलास?" मोठ्या पंचाने विचारलं.

"मेलेल्याला कसली गावकी, दादा?"

"मेलेल्याला नसल. तुला हाय."

झालं. आमचं घर वाळीत. पण खरी मजा पुढेच आहे. कुसुमकाकूच्या नवऱ्याने महिनाभरात हात टेकले. देवळासमोर नाक घासलं, नारळ ठेवला, दंड भरला, गावाला जेवण घातलं. त्यांना परत घेतलं. अट एकच, की नियम सगळ्यांना सारखा. वाळीत टाकलेल्या घराशी बोलायचं नाही. वाळीत घर आता एकच उरलं होतं, त्यांच्या वईला लागून असलेलं आमचं. त्या दिवशी सुक्या बोंबलांच्या कालवणाचा आणि वड्यांचा वास आमच्या पडवीत भरून राहिला. बाबा म्हणाले, "मसाला बरा जमलाय." आई उठून आत गेली आणि तिने भांडी आपटली.

लहानपणापासून ऐकत आले, चांगलं करा, चांगलं होईल. कुणी सांगितलं हे? ज्याने सांगितलं त्याचं घर बहुतेक भिंतीच्या आत असणार. आमच्या घराला वई होती, आणि वईतून सगळं दिसतं.

आता एका कोंबडीबद्दल सांगते. काकूकडे एक तांबडी कोंबडी होती, मानेवर पिसं नसलेली, दिसायला अगदी दळभद्री. त्यांच्या गावजेवणाला थोडे दिवस झाले असतील. काकू अंगणात उभी राहून कोंबडीवर ओरडायला लागली.

"अगो तांबडे, सटवे, सकालची दुकानाकडे जाऊ नको गो! गल्ल्यावर पंचाचा पोरगा बसलाय, तंगडी मोडल तुजी. दुपारी जा. दुपारी म्हातारी बसते. तिला डोल्यांनी दिसत न्हाय, कोनालाही दाने टाकते."

आई पडवीत कांद्याची पात निवडत होती. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "तिच्या तोंडात किडे पडोत. दुपारी जाऊन मीठ घेऊन ये."

गावकीचा नियम बोलण्याबद्दल होता. शिव्या देण्याबद्दल नियम नव्हता, आणि कोंबडीबद्दल तर नव्हताच. सगळा उन्हाळा आमच्या घरात बातमी आली ती त्या कोंबडीच्या कानातून. विहिरीवर कोण कधी नसतं, रिक्षावाल्यांना काय ताकीद दिली आहे, कुठल्या बांधावरून गेलं तर कुणी बघत नाही. काकूचा आवाज चिरका. शिव्या अशा की मला आजही लिहिता येणार नाहीत. आणि प्रत्येक वेळी कामाचं बोलून झालं तरी ती थांबायची नाही. "दाना टिपता येत न्हाय आन् निघाली पदवी घ्यायला! बापाला अंगठा, आयशीला अंगठा, हिला पाहिजे पेन!" या बातमीची आम्हाला काही गरज नव्हती. ही तिने तिच्या आनंदासाठी घातलेली असायची.

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला. शेवटची परीक्षा तोंडावर, आणि कांदाही काढायला आलेला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कांदा उपटून भागत नाही. पात अर्धी सुकली, पण अजून वळते आहे, तेवढ्याच दिवसांत माळ विणावी लागते. हिरवी विणली तर सडते, पार वाळली तर मोडते. म्हणून सगळी आळी एकमेकांकडे जायची, आज तुमच्या पडवीत, उद्या आमच्या. बायका गोल बसायच्या, मध्ये कांद्याचा ढीग, हात चालू आणि तोंडही. त्या वर्षी आमच्या पडवीत आई एकटी बसली होती. बांधापलीकडून तेच हसणं ऐकू यायचं, दुसऱ्यांच्या पडवीतलं.

बंगल्यावरच्या बाईसाहेबांना बाबांनी सगळं सांगितलं. बाई चांगल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्यांनी त्यांच्या मुलीचे कपडे दिले माझ्यासाठी, एक मिठाईचा डबा दिला. आणि म्हणाल्या, "गावाच्या भानगडीत आम्हाला पडता येत नाही, समजून घ्या. वातावरण निवळेपर्यंत तुम्ही येऊ नका." बाबा डबा घेऊन आले. कपडे मऊ होते. त्यातलाच निळा ड्रेस मी परीक्षेसाठी काढून ठेवला. काम गेलं ते गेलंच.

मग एका सकाळी बाबा म्हणाले, "जातो देवलात. घासतो नाक. दोन मिनिटांचं काम हाय. पोरीचे पेपर तरी सुखानं होतील."

आई वर न बघता म्हणाली, "कशाबद्दल माफी मागनार?"

"खांदा दिला त्याबद्दल."

"मग मेल्यावर माज्या तिरडीला हात लावू नका."

मी मध्ये पडले. मी म्हटलं, तुम्ही नाक घासलंत तर मी पेपरला बसणार नाही. शाळेत न गेलेल्या माणसाशी शिकलेली पोर बोलते तसं बोलले, जरा मोठ्याने. बाबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं. मग चालत जावं लागल फाट्यापर्यंत. पारावरून." रिक्षा तर कुणी देणार नव्हतंच.

म्हणजे सगळं माझ्या पायांवर आलं. मी पारासमोरून रोज चालत जाऊन पेपर दिले, तर बाबांची मान वर. मी एकदा जरी मागे फिरले, तर बाबा देवळात जाणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, काकू अंगणात आली. कोंबडी कुठेतरी उकिरड्यावर होती. काकूने तिला शोधलंसुद्धा नाही. रिकाम्या अंगणाकडे बघून ओरडली, "अगो तांबडे! उद्या सकाली भिजशील गो. घान पानी पडल अंगावर. पलू नको. पलालीस तर मागून दगड येतील. हुबी रहा. आन् कागद-बिगद असतील तर पिशवीत घाल, प्लास्टिकच्या!"

मला हसूच फुटलं. "आई, कोंबडीला कसले कागद?"

आई हसली नाही. ती आत गेली, मिठाची रिकामी पिशवी शोधून आणली, पुसली, उलटी करून पुन्हा पुसली. हॉल तिकीट आणि ओळखपत्र त्यात घालून तोंडाला गाठ मारली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठला कागद कुठला ते तिला माहीत होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. काकू कोंबडीशी फार बोलते हे पंचांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी तिला सांगितलं होतं, गावकीच्या बाजूची आहेस ते दाखव. सकाळी मी निघाले तेव्हा पारावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काही बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, जत्रेला येतात तशा. काकू तिच्या अंगणाच्या तोंडाशी. पायाशी दोन बादल्या. मांदेली आणि कोळंबी धुतलेलं पाणी, वर सालं तरंगत होती.

"घे गो पदवी!" म्हणाली, आणि ओतली.

तोंडावर. थेंब नाकात गेले. गळ्यात, ड्रेसमध्ये, केसांत. कोळंबीची मिशी ओठाला चिकटली. लोक हसले. लहान पोरं जास्त हसली. मी उभी राहिले, सांगितलं होतं तसं. पिशवी पोटाशी धरून. गावाचं समाधान झालं होतं, हे मला कळलं, कारण हसण्याचा जोर ओसरला. एक बादली पुरे होती. पंचाने मान डोलावली सुद्धा.

तेव्हा काकूने दुसरी उचलली. या वेळी काही बोलली नाही. पहिलीपेक्षा जोरात मारली. बादलीची कड माझ्या कपाळाला लागली.

आणि मग मी चालत फाट्यावर गेले. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मासली घेऊन चाललीस काय गो? टोपली कुठाय?" सगळी गाडी हसली. माझ्या बाजूची बाई उठून पुढे गेली. परीक्षेच्या वर्गात माझ्या मागच्या मुलीने ओढणी नाकाला लावली आणि हात वर केला, "मॅडम, मला जागा बदलून मिळेल का?" मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांना वास आला, हे त्यांच्या नाकपुड्यांवरून दिसलं. मग त्या वळून सगळ्या वर्गाला म्हणाल्या, "खिडक्या उघडा बघू. केवढं उकडतंय." आणि त्या मुलीला, "बस खाली. वेळ सुरू झाली." माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. ते न बघणं आयुष्यात मिळालेल्या मोठ्या उपकारांपैकी एक आहे. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांनाही मी आठवत नसेन, आणि तसंच असावं. अर्थशास्त्राचा पेपर होता. वाळलेले खवले उत्तरपत्रिकेवर पडत होते, ते मी फुंकून उडवत होते आणि लिहीत होते.

गावकीचं पुढे मिटलं. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आला, कुठल्याशा दुसऱ्या गावात तक्रार झाली, पोलीस गावोगावी बैठका घ्यायला लागले, तसे आमचे पंच एकदम मवाळ झाले. "झालं गेलं विसरा" म्हणाले. त्यांनाच विसरायचं होतं म्हणून म्हणाले. कुसुमकाकूने कांद्याचा वानवळा पाठवला, नव्या पिकातली एक माळ. आईने ती माळ वईवर परत अडकवून ठेवली. दर वर्षी ती पाठवते, दर वर्षी आई वईवर अडकवते. आई म्हणते, तिने सांगितलं ते मी ऐकलं, तिने मारलं ते मी बघितलं, हिशेब तिथेच राहू दे.

मला मात्र ती दुसरी बादली सुटत नव्हती. पहिलीचं मी समजू शकते. पहिली टाकली नसती तर तिचं घर पुन्हा खड्ड्यात. आणि पहिलीची तिने सूचना दिली होती. कोंबडीला का होईना, दिली होती. पण दुसरी? कोणी मागितली होती?

यंदा कांदा काढायला गावी गेले होते. काकू आता थकली आहे, पडवीत बसून असते. मी वईपाशी उभी राहून सरळ विचारलं, "काकू, दुसरी बादली कशाला हो?"

तिला लगेच कळलं. विसरली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पयली त्यांची व्हती," ती म्हणाली. "दुसरी माजी."

"मी काय केलं होतं तुमचं?"

"तू न्हाय. तुज्या बापानं." तिने पदर सावरला. "सगल्या गावानं मला बघितलं तिरडीखाली. गाव हरामखोरच, त्याला काय लाजायचं? पन तुजा बाप बरा मानूस. बऱ्या मानसानं बघितलं. आन् वर उपकार केला. यो उपकार रोज सकाली वईतून दिसायचा मला. कांदा निवडताना, पानी भरताना. कुठं टाकू त्याला? टाकला तुज्यावर."

"आता?"

"आता काय? आता बी दिसतो." मग आवाज चढवून म्हणाली, "जा गो, उन्हात हुबी राहून काली पडशील. आधीच कुठला उजेड पडलाय!"

मी घरी परत आले. राग आला नाही, आणि प्रेमही वाटलं नाही. तो ग्रुप अजून चालू आहे. त्याच दिवशी एकाने वॉचमनला छत्री दिली. मला त्या वॉचमनची काळजी वाटली. त्याला ती छत्री रोज त्याच साहेबांसमोर उघडावी लागणार. आपण भलं करतो आणि पुढे चालू पडतो. ज्याचं भलं होतं त्याला ते घेऊन तिथेच राहायचं असतं. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग काय, तिला तशीच वाकडी चालू द्यायची व्हती?" आणि कांदा उपटायला खाली वाकले. त्यांना खरंच प्रश्न पडला नव्हता. असा माणूस बाप म्हणून मिळणं सोपं नाही. ते मी कधी तोंडावर बोललेले नाही.

माझ्या परीक्षेच्या त्या वर्षी निम्मा कांदा वेणीविना गेला. आई-बाबा दोघांच्याने विणून होईना, पात वाळून मोडली, आणि सुटा कांदा मातीच्या भावाने द्यावा लागला. पण मी रोज पारासमोरून गेले आणि रोज पारासमोरून परत आले, शेवटच्या पेपरापर्यंत. बाबा देवळात गेले नाहीत. पावसाळ्यात निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात बी. ए. पास झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आहे.